धडक बसलेली मॉरिस मायनर: आधी चासी सरळ करावी की आधी सिल बदलावेत?

प्रश्न

माझ्याकडे १९६५ सालची दोन दरवाजांची मॉरिस मायनर १००० आहे. आधीच्या मालकाकडे असताना तिची पुढची डावी बाजू कशावर तरी जोरात आदळली आणि त्यानंतर ती बरीच वर्षे उघड्यावर उभी होती. त्यामुळे धडकेची मोडतोड आणि पावसापाण्याने झालेली नासाडी अशी दोन्ही दुखणी तिला एकदम जडली आहेत. मी पेशाने मेकॅनिक नाही. सुट्टीच्या दिवशी किंवा एखाद्या संध्याकाळी जो वेळ हाती लागतो तेवढ्यातच हे काम चालते, आणि ते काही वर्षे पुरेल हे मी मनाशी धरून चाललो आहे. पातळ पत्र्याचे वेल्डिंग शिकून घेतले आहे, भंगारातल्या तुकड्यांवर हातही बसवला आहे. पण गाडीचा भार पेलणाऱ्या भागाला अजून हात लावलेला नाही.

आजची स्थिती अशी आहे. पुढची दोन्ही मडगार्डे, बॉनेट आणि बंपर काढून झाले आहेत. हे सगळे मुळात बोल्टवरच बसवलेले असल्यामुळे गंजलेले बोल्ट सुटल्यावर बाकी काही कापावे लागले नाही. इंजिनाच्या खणाची डावी भिंत चुरगळलेली आहे. तिच्याखालचा चासी लेग, म्हणजे पुढचा भार पेलणारी पत्र्याची पेटीसारखी तुळई, वरवर पाहता सरळ दिसतो. मात्र टाय रॉडच्या (पुढच्या चाकाचा खालचा सांधा जागेवर धरणाऱ्या दांड्याच्या) ब्रॅकेटपाशी, लेगच्या आतल्या अंगाला, बोटाला जाणवेल अशी एक चुणी पडली आहे आणि त्याच जागी जुना रंग बारीक रेषांनी तडकला आहे. दोन्ही बाजूंचे सिल, म्हणजे दरवाजाखालच्या पत्र्याच्या लांब पेट्या, बाहेरून गुळगुळीत दिसत होते, पण वरचे आवरण काढल्यावर आतल्या उभ्या पट्टीची चाळणी झालेली निघाली. मधल्या क्रॉसमेंबरच्या (तळाच्या आडव्या तुळईच्या) डाव्या टोकाला, म्हणजे जिथे जॅक लावायचा तिथेच, स्क्रूड्रायव्हर विनासायास आत गेला. डावा दरवाजा लावताना किंचित उचलून धरावा लागतो. इंजिन १०९८ सीसीचे आहे आणि ते जागचे हलत नाही.

मला विचारायचे आहे ते मुख्यतः क्रमाबद्दल. आधी पुढचा लेग ओढून सरळ करावा की आधी सिल आणि फ्लोअरची कड बदलून घ्यावी? लेग खरोखर किती वाकला आहे हे घरच्या साधनांनी कसे कळेल? एका जाणकाराच्या मते गाडी पूर्ण नागवी करून, गोल फिरणाऱ्या चौकटीवर चढवून, सगळा पत्रा एकदमच करावा. माझ्यासारख्याला ते झेपेल का? आणि इंजिन सोडवायचा प्रयत्न आताच करावा की पत्र्याचे काम संपल्यावर?

प्रतिसाद १

आधी मधला भाग, मग पुढचा. याचे कारण सरळ आहे: या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याचा डबा हाच तिचा सांगाडा आहे. सिल, फ्लोअरची कड आणि क्रॉसमेंबर मिळून जो चौकोन होतो त्याच्या आधारावर पुढचे दोन लेग बाहेर आलेले आहेत. लेगच्या टोकाला साखळी लावून आपण पुढे ओढू लागलो, तर ती ओढ कुठेतरी मागे अडली पाहिजे. आणि मागचा पत्रा सडलेला असेल तर चुणी तशीच राहते आणि सिलचे टोकच आधी मान टाकते. धडकेने जे वाकले नव्हते तेही आपल्या हाताने वाकते. म्हणून ओढाताण सगळ्यात शेवटी.

पण मधल्या भागाला हात घालण्याच्याही आधी मोजमाप हवे, आणि त्यासाठी ओळंबा, पाणसळ, खडू आणि पोलादी टेप एवढे पुरते. इंजिन जागेवर असतानाच एकदा आणि ते उतरवल्यावर पुन्हा एकदा मोजा, म्हणजे वजनाने किती झोक जातो तेही कळेल. गाडी चार भक्कम स्टँडवर घ्या. जॅकची जागा सडलेली असल्याने पुढचे स्टँड क्रॉसमेंबरच्या टोकाला न लावता आत, धड पत्र्याखाली, जाड फळीवर लावा. पाण्याच्या पारदर्शक नळीने मागच्या पाट्यांचे (स्प्रिंगांचे) पुढचे हँगर, म्हणजे त्या जिथे अडकतात त्या जागा, दोन्ही बाजूंना समपातळीत आणा. धडक पुढे बसली असल्यामुळे मागचा भाग हाच आपला विश्वासाचा पाया आहे. मग दोन्ही बाजूंच्या जोडीच्या जागांवरून ओळंबा सोडायचा: मागचे हँगर, टॉर्शन बारची (पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणाऱ्या सळयांची) मागची टोके, खालच्या आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) आयबोल्ट, टाय रॉडच्या ब्रॅकेटची भोके आणि लेगची पुढची टोके. जमिनीवर उमटलेल्या या खुणांचे कर्ण मोजा. मागून पुढे येताना ज्या जोडीपाशी डावा-उजवा कर्ण पहिल्यांदा जुळेनासा होतो, तिथून पुढे दोष आहे.

इथे एक गोष्ट बरेच जण विसरतात. जमिनीवरचे कर्ण फक्त आडवा सरकलेला लेग दाखवतात. धडकेने लेग वर उचलला गेला असेल तर ओळंब्याच्या खुणा जवळजवळ जागच्या जागीच पडतात आणि सगळे आलबेल वाटते. म्हणून प्रत्येक जागेची जमिनीपासूनची उंची पाण्याच्या नळीनेच वेगळी घ्या. चुणी आतल्या अंगाला आहे म्हणजे लेग तिथे आत मुडपला असण्याची शक्यता मोठी; वरच्या किंवा खालच्या अंगालाही चुणी सापडली तर उंचीतही फरक निघेलच.

दरवाजाच्या चौकटीचे दोन्ही कर्ण, म्हणजे बिजागरीच्या खांबाच्या बुडापासून कुलपाच्या खांबाच्या माथ्यापर्यंत आणि उलट, दोन्ही बाजूंना लिहून ठेवा. डावा दरवाजा उचलावा लागतो याची दोन कारणे असू शकतात. बिजागरी झिजली असेल, नाहीतर सिलने दगा दिल्यामुळे गाडी मध्यावर बसली असेल. दरवाजा अर्धा उघडून त्याचे मागचे टोक हाताने वरखाली हलवून पाहा. बिजागरीतच खेळ असेल तर तो लगेच दिसेल. खेळ नसेल आणि तरी चौकट जुळत नसेल, तर दोष चौकटीचा आहे.

सिल कापण्यापूर्वी दरवाजाच्या चौकटीत आधाराच्या नळ्या हव्यातच. २५ मिलिमीटर चौकोनी नळी बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत, एक वर आणि एक तिरपी, आणि दोन्ही बाजूंच्या नळ्यांना जोडणारी एक आडवी. त्या थेट खांबाला वेल्ड करण्यापेक्षा पट्टीला वेल्ड करून पट्टी मूळ बोल्टच्या भोकांत कसली तर काम संपल्यावर काहीही घासावे लागत नाही. एका वेळी एकच बाजू. ती बाजू पूर्ण झाळून, दरवाजा लावून, फटी तपासून झाल्याशिवाय दुसऱ्या सिलला ग्राइंडर लावू नका. दरवाजा तात्पुरता बसवून ठेवणे हाच सगळ्यात स्वस्त आणि खरा साचा असतो.

प्रतिसाद २

वरच्या क्रमाशी मी सहमत आहे. फिरत्या चौकटीबद्दल मात्र स्पष्ट नकार द्यायला हवा. ती चौकट सहसा बंपरच्या बोल्टच्या जागी, म्हणजे लेगच्या पुढच्या टोकांना पकडते. आपला डावा लेग तिथेच अधू आहे आणि मधे सिल सडलेले आहेत. अशी गाडी दोन टोकांना टांगून फिरवली तर ती मध्यावर झुकेल, आणि त्याच अवस्थेत झाळलेले सिल तो झोक कायमचा पक्का करतील. सिल आणि लेग भक्कम झाल्यावर तळाचा रंग करण्यासाठी ती वापरायला हरकत नाही.

पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. गाडी पूर्ण नागवी करण्याचा सल्ला रोज आठ तास काम करणाऱ्याला शोभतो. ज्याला मधूनमधून वेळ मिळतो, त्याने कामाची आखणी अशी करावी की कोणत्याही संध्याकाळी हत्यारे ठेवून उठले तरी गाडीचे काही बिघडू नये. एकाच वेळी सगळा रंग खरवडून पत्रा उघडा केला, तर दमट हवेत तो काही दिवसांतच तांबूस होतो, आणि मग नवे काम राहते बाजूला, जुनेच घासण्यात वेळ जातो. म्हणून गाडीचे खण पाडा. डावे सिल हा एक खण, उजवे सिल हा दुसरा, इंजिनाच्या खणाची डावी भिंत हा तिसरा. एका खणातला गंज कापायचा, नवा पत्रा झाळायचा, झाळ घासायची, इपॉक्सी प्रायमर मारायचा, आणि मगच पुढच्या खणाकडे वळायचे.

प्रायमर इपॉक्सीच का, तर साधा प्रायमर सच्छिद्र असतो. त्यावर रंग चढला नाही तर तो हवेतला ओलावा शोषून खालच्या पत्र्यापर्यंत पोचवतो. साध्या प्रायमरवर गाडी महिनोन्महिने उभी ठेवणारे लोक नंतर गंज कुठून आला म्हणून हैराण होतात. पुट्टीचेही तेच आहे. ती पाणी धरते, त्यामुळे उघडी पुट्टी म्हणजे गंजाला आमंत्रण.

झाळण्याच्या पद्धतीविषयी थोडेसे. मूळ गाडीत पत्रे एकावर एक ठेवून ठिपक्यांनी जोडलेले आहेत. जुना ठिपका ८ मिलिमीटरच्या स्पॉट कटरने फक्त वरच्या पत्र्यापुरता कापायचा, खालचा शाबूत ठेवायचा. नव्या पत्र्याला तेवढ्याच अंतरावर भोके पाडून ती भोके वेल्डने भरायची. कडा मात्र सलग ओढत नेऊ नका. एक टाका इथे, दुसरा वीतभर पलीकडे, तिसरा मधे, असे हाताला थांबवत थांबवत गेले तरच पत्रा लाटा मारत नाही. ०.६ मिलिमीटरची तार आणि आर्गॉनमिश्रित वायू असेल तर पातळ पत्र्याला भोक पडण्याचे प्रमाण पुष्कळ कमी होते.

सिलचा डबा बंद करण्यापूर्वी त्याच्या आतल्या बाजूला झिंकचा वेल्डिंगयोग्य प्रायमर लावा आणि सगळे झाळकाम आटोपल्यावर नळीने आत मेण फवारा. मेण आधी फवारले तर ते पेट घेते. सिलच्या बुडाची पाणी वाहून जाण्याची भोके नव्या पत्र्यातही राहिली पाहिजेत. नीटनेटकेपणाच्या नादात ती बुजवणारे कमी नाहीत.

प्रतिसाद ३

पत्र्याबद्दल वर पुरेसे आले आहे. मी इंजिन आणि पुढच्या सस्पेन्शनवर बोलतो, कारण या गाडीत त्यांचा क्रमाशी थेट संबंध आहे.

क्रॉसमेंबरचे टोक सडले आहे असे आपण लिहिले आहे. पुढच्या सस्पेन्शनचे टॉर्शन बार लांबीला मागे जाऊन याच क्रॉसमेंबरला अडकवलेले असतात आणि गाडीच्या पुढच्या भागाचे वजन त्यांच्या पिळावर तोललेले असते. तो पीळ उतरवल्याशिवाय क्रॉसमेंबरला ग्राइंडर लावणे धोक्याचे आहे. साठलेला जोर एकदम सुटला तर हात जायबंदी होऊ शकतो. खालच्या आर्मखाली जॅक घेऊन, जोडणी सोडून, जॅक अगदी सावकाश खाली आणत आर्म लोंबू द्यायचा, म्हणजे पीळ निघून जातो. बार काढल्यावर त्यावर डावा-उजवा अशी खूण करा. एका दिशेने वर्षानुवर्षे पिळलेला बार दुसऱ्या बाजूला बसवला तर तो तडकू शकतो. बारच्या अंगावर हातोड्याचा किंवा पान्याचा ओरखडाही उठता कामा नये, कारण तडा तिथूनच धरतो.

आणि बार खाली आलेला असतानाच ब्रेकचा मास्टर सिलिंडर काढून घ्या. या गाडीत तो चालकाच्या पायाखाली, चासी लेगच्या पोटात बसवलेला आहे, आणि त्याचे बोल्ट बाहेर ओढायला टॉर्शन बार आडवा येतो. एरवी ज्या कामाला लोक शिव्या घालतात ते इथे आयतेच होऊन जाते. शिवाय ब्रेक ऑइल पेटते, त्यामुळे लेगवर वेल्डिंग करायचे तर तो तिथे नसलेलाच बरा. पेट्रोलची टाकीही उतरवून कामाच्या जागेपासून दूर ठेवा. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा अधिक घातक असते. ब्रेक ड्रम उघडताना आतली धूळ हवेने उडवू नका, त्या काळच्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे. ओल्या फडक्याने पुसा. आणि क्लोरिनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या पत्र्यावर कधीही वेल्डिंग करू नका, त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

इंजिनाला औषधपाणी मात्र आजच सुरू करा, कारण तिथे आपल्या श्रमापेक्षा वेळच जास्त काम करतो. चारही प्लग काढा. झाकण उघडून टॅपेटचे (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांचे) स्क्रू पूर्ण सैल करा. यामुळे सगळे व्हॉल्व्ह मिटतात, ओतलेले तेल सिलिंडरमध्ये टिकते, आणि पुढे क्रँक फिरली तरी अडकलेल्या व्हॉल्व्हमुळे पुशरॉड वाकत नाही. ऑटोमॅटिक गिअरचे तेल आणि अ‍ॅसिटोन समभाग मिसळून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ओता, प्लगच्या भोकांवर फडके टाका आणि विसरून जा. अ‍ॅसिटोन उडून जातो, तेल झिरपत राहते. अधूनमधून पातळी पाहून भर घालायची. ज्या सिलिंडरमधले तेल मुळीच उतरत नाही, त्यातच पिस्टन गच्च बसला आहे असे समजायला हरकत नाही.

फिरवून पाहायचे ते स्टार्टरने नव्हे. स्टार्टर काढला की त्या भोकातून फ्लायव्हीलचे दाते दिसतात. तिथे पहार टेकवून दोन्ही दिशांनी अगदी थोडे थोडे हलवा. नुसता पुढे जोर लावत राहिल्यास पिस्टनच्या रिंग तुटतात. पुढेमागे झुलवल्यास गंजाचा थर चुरडत जातो. पुरेसा काळ देऊनही हालचाल नसेल तर हेड उतरवा आणि सिलिंडरची भिंत डोळ्यांनी पाहा. गंजाचा नुसता डाग घासून जातो, पण नखाला लागेल असा खड्डा असेल तर बोअर वाढवून घेण्याला पर्याय नाही. आणि इंजिन सुटले तरी लगेच पेटवण्याचा मोह नको: आधी संप (इंजिनाखालचे तेलाचे भांडे) काढून तळाचा गाळ आणि बेअरिंगचे शेल पाहावेत, मग ताजे तेल घालून, प्लग बाहेर ठेवून, तेलाच्या दाबाचा दिवा विझेपर्यंत ते नुसतेच फिरवावे. बॅटरी जोडताना हेही लक्षात ठेवा की या गाडीत मुळात धन टोक बॉडीला जोडलेले असते. कोणी मधल्या काळात ते बदलले आहे का, हे वायरिंग पाहून ठरवा; सवयीने ऋण टोक बॉडीला लावू नका.

प्रश्नकर्ता

तिन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे ओळंबा आणि पाण्याची नळी घेऊन मापे घेतली. मागच्या हँगरपासून खालच्या आर्मच्या आयबोल्टपर्यंत दोन्ही कर्ण सारखे भरले. टाय रॉडच्या ब्रॅकेटपाशी मात्र डावी खूण उजवीच्या मानाने ९ मिलिमीटर मागे आणि थोडी आत आहे, आणि लेगच्या पुढच्या टोकाला हा फरक आणखी वाढतो. उंचीत डावी बाजू ब्रॅकेटपाशी ६ मिलिमीटर वर आहे. आरशाने पाहिल्यावर खालच्या अंगाला दुसरी, पहिलीपेक्षा बारीक चुणी सापडली. दरवाजाच्या बिजागरीत स्पष्ट खेळ आहे. चौकटीचे कर्ण डाव्या बाजूला केवळ २ मिलिमीटरने वेगळे आहेत.

आता सिलच्या कामाला लागण्यापूर्वी एकच शंका उरली आहे. हा लेग ओढून सरळ करण्याजोगा आहे, की त्याचा पुढचा भाग कापून नवा बसवावा?

प्रतिसाद १

दोन अंगांना चुण्या आहेत, त्यामुळे मी ओढण्याच्या फंदात पडणार नाही. पेटीसारखा बंद लेग एकदा दोन बाजूंनी मुडपला की ओढल्यावर लांबी परत येते, पण चुणीच्या जागचा पत्रा ताणून पातळ झालेला असतो आणि पुढच्या धक्क्याला तिथेच पुन्हा घडी पडते. शिवाय हा साधा पत्रा नाही; टाय रॉड त्या ब्रॅकेटला धरून खालच्या आर्मला जागेवर ठेवतो. ब्रॅकेट ९ मिलिमीटर मागे म्हणजे डाव्या चाकाचा खालचा सांधाही मागे, म्हणजे त्या बाजूचा कॅस्टर (चाक वळण्याच्या अक्षाचा मागे असलेला झुकाव) कमी. वरून गाडी कितीही देखणी झाली तरी ती रस्त्यावर डावीकडेच ओढेल. मायनरच्या पत्र्याचे बहुतेक भाग आजही नव्याने बनवले जातात आणि लेगचा पुढचा तुकडा त्यांत मिळतो. आपला दोष आयबोल्टच्या पुढेच थांबला आहे ही जमेची बाजू. सिलचे काम बिनधास्त सुरू करा. चौकटीचा २ मिलिमीटरचा फरक आधाराच्या नळ्या कसण्यापूर्वी क्रॉसमेंबरखालून हलका आधार देऊन निघतो का ते पाहा. बिजागरीची पिन बदलून घ्या, नाहीतर फटी तपासताना दरवाजाच खोटे बोलेल.

लेगचा छेद चुणीच्या मागे, पण आयबोल्टच्या पुरेसा पुढे धरा. चारही अंगांचा काप एकाच रेषेत घेऊ नका. प्रत्येक अंगाचा काप पुढेमागे ठेवला म्हणजे जोड एका रेषेवर कमकुवत होत नाही. जोडाच्या आतून घट्ट बसणारी पत्र्याची बाही घाला आणि भोके पाडून तिलाही झाळा. नवा तुकडा बसवताना माप उजव्या बाजूचे घ्यायचे आणि मध्यरेषेवरून ते उलटे उतरवायचे.

मध्यरेषेसाठी या गाडीत एक आयती खूण आहे. गाडीचे रचनाकार इसिगोनिस यांनी १९४८ सालच्या पदार्पणाआधी, शेवटच्या टप्प्यात, गाडी ४ इंचांनी रुंद करून घेतली. त्या वेळी बॉनेटच्या मधोमध जी सपाट पट्टी वाढली ती पुढेही तशीच राहिली. तुकडा फक्त टाक्यांवर धरलेला असताना भिंतीचा नवा पत्रा, जाळी, दोन्ही मडगार्डे आणि बॉनेट बोल्टने बसवा. पट्टीचा मध्य जाळीच्या मध्याशी जुळला, बॉनेटच्या दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या आल्या आणि ओळंब्याने ब्रॅकेटची मापेही उजवीशी जुळली, की सगळे पुन्हा उतरवून पूर्ण झाळ द्या. फटी जुळल्या पण ब्रॅकेट जुळले नाही, तर ब्रॅकेटचे खरे माना. मडगार्डाच्या भोकांत सरकवायला जागा असते, टाय रॉडला नसते.

डावा टाय रॉड जुनाच वापरण्याचा विचार असेल तर तो उजव्याला चिकटवून धरा आणि सपाट काचेवर लोळवून पाहा. तो वाकलेला निघाला तर सरळ करून परत लावू नका, नवा घ्या. आणि खालच्या आर्मचेही तसेच.